खाते कोणाच्या नावावर आहे?

वाचकाचे पत्र

मिरजेत गेली एकवीस वर्षे माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. रोज साधारण दीडशे रुग्णांचे नमुने येतात. सगळे रिपोर्ट आजवर मागच्या खोलीतल्या एका संगणकावर आहेत आणि रोज संध्याकाळी आमचा टेक्निशियन त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घेतो. आमचे सॉफ्टवेअर पुरवणारे गृहस्थ आता सांगतात की जुनी पद्धत बंद होणार, सगळे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर, न्यावे लागेल. कंपनी जगप्रसिद्ध आहे, सर्व्हर मुंबईत आहे, काळजीचे कारण नाही. माझे एक ज्येष्ठ सहव्यावसायिक मात्र म्हणतात की हा आपले दागिने शेजाऱ्याच्या कपाटात ठेवण्याचा प्रकार आहे. आमच्याकडे एचआयव्हीच्या तपासण्या होतात, गरोदरपणाच्या होतात, गुप्तरोगांच्या होतात. कोविडच्या काळात घेतलेल्या आधार कार्डांच्या प्रतीही संगणकात पडून आहेत. मिरजेत माणसे एकमेकांना ओळखतात; एक रिपोर्ट चुकीच्या हाती गेला तर एखादे ठरलेले लग्न मोडेल. अशा कंपनीवर विश्वास ठेवावा का?

— एक पॅथॉलॉजिस्ट, मिरज

उत्तर

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आपण विचारले आहे त्या जगप्रसिद्ध कंपनीबद्दल. पण पत्र वाचून मला काळजी वाटली ती आपल्या सॉफ्टवेअरवाल्या गृहस्थांची. ते अप्रामाणिक आहेत असे मला सुचवायचे नाही. मी त्यांना ओळखतही नाही. परंतु आपल्या रुग्णांचे रिपोर्ट आणि ती कंपनी यांच्या मधोमध ते उभे आहेत, किल्ल्या त्यांच्या हाती असणार आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपल्या पत्रात एकही प्रश्न नाही. म्हणून कंपनीबद्दलचे उत्तर आधी देतो आणि मग त्यांच्याकडे वळतो.

त्याआधी आपल्या ज्येष्ठ स्नेह्यांच्या दागिन्यांविषयी. दागिना चोरीला गेला की डबा रिकामा दिसतो. रिपोर्ट चोरीला गेला तरी तो जागच्या जागीच असतो. गेलेली असते ती त्याची नक्कल, आणि ती गेल्याचे वर्षभर कळतही नाही. त्यामुळे ‘आपल्या घरात आहे, डोळ्यांसमोर आहे’ हे समाधान माहितीच्या बाबतीत फारसे कामाचे नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला, तेव्हा सर्व्हर संस्थेचे स्वतःचे होते. तरीही नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या रिपोर्टांपर्यंतचे बरेचसे काम सुमारे दोन आठवडे कागदावर चालवावे लागले. आपल्या मागच्या खोलीत त्याहून चोख बंदोबस्त असेल असे मला वाटत नाही. शिवाय रोज संध्याकाळी भरला जाणारा तो पेन ड्राइव्ह रात्री कुठे असतो, हे आपण लिहिलेले नाही. टेक्निशियनच्या शर्टाच्या खिशात असेल, तर आपली सगळी लॅब रोज मोटारसायकलवरून घरी जाते आणि सकाळी परत येते.

आता कंपनी. मायक्रोसॉफ्टचे माहिती साठवण्याचे केंद्र पुण्यात २०१५ पासून आहे. ॲमेझॉनने मुंबईत २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये आपापली केंद्रे सुरू केली. इमारतीचा पहारा, वीज, थंडावा, बाद झालेल्या डिस्कची विल्हेवाट, एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याला दिसू नये याची तजवीज, ही कामे या कंपन्या आपल्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगली करतात. त्यांचा एखादा कर्मचारी रात्रपाळीत मिरजेतल्या कोणाचे साखरेचे आकडे वाचत बसला असेल, ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही. मात्र त्यांच्या करारात एक गोष्ट स्वच्छ लिहिलेली असते: इमारत आणि यंत्रे ही कंपनीची जबाबदारी, आणि त्यांत काय ठेवले व ते कोणाला उघडू दिले ही ग्राहकाची. याला ते ‘सामायिक जबाबदारी’ म्हणतात. नाव गोड आहे. पण गाजलेले बरेचसे अपघात ग्राहकाच्या वाट्याच्या भागात झालेले आहेत.

आपल्याच व्यवसायातले उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये देशातील एका मोठ्या पॅथॉलॉजी-साखळीच्या रुग्णांची नावे, पत्ते, फोन नंबर आणि तपासण्यांचा तपशील असलेल्या शेकडो फायली ॲमेझॉनच्या साठवणीत पासवर्डविना उघड्या पडलेल्या आढळल्या. ॲमेझॉनचे कुलूप फुटले नव्हते. ते कोणी लावलेच नव्हते. अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेचे प्रकरण २०१९ चे आहे. तेथे सुमारे दहा कोटी अमेरिकी आणि साठ लाख कॅनेडियन लोकांची माहिती ॲमेझॉनच्याच साठवणीतून गेली. नेणारी व्यक्ती पूर्वी त्याच क्लाउड कंपनीत नोकरीला होती, त्यामुळे पहिला संशय कंपनीवर जाणे स्वाभाविक होते. परंतु ती आत शिरली ती बँकेने चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या फायरवॉलच्या, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या यंत्रणेच्या, फटीतून. पुढे नियामकाने आठ कोटी डॉलरचा दंड केला तो बँकेला.

‘सर्व्हर मुंबईत आहे’ या वाक्याला अर्थ आहे, पण तो मर्यादित आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तेथील तपास यंत्रणा अमेरिकी कंपनीकडून माहिती मागू शकतात, मग ती माहिती कोणत्याही देशात ठेवलेली असो. आणि आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली आपले सरकारही मागू शकते. एखाद्या संरक्षण-प्रयोगशाळेने यावर रात्रभर विचार करावा. आपल्या रुग्णांना अमेरिकी सरकारपेक्षा शेजारच्या गल्लीतल्या माणसाची भीती अधिक आहे, आणि ती रास्त आहे.

तेव्हा आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना सर्वांत आधी विचारायचे ते हे, की क्लाउडवरचे खाते कोणाच्या नावावर असेल. छोट्या व्यावसायिकांच्या बाबतीत मी अनेकदा पाहिलेली व्यवस्था अशी असते: विक्रेत्याचे एकच खाते, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच क्रेडिट कार्डावर, त्या खात्यात एक सर्व्हर, आणि त्या एका सर्व्हरवर दोन-तीन जिल्ह्यांतल्या तीस-चाळीस लॅब. अशा व्यवस्थेत त्या जगप्रसिद्ध कंपनीच्या लेखी आपण अस्तित्वातच नसता. तिचा ग्राहक विक्रेता आहे. त्याने बिल थकवले, तो आजारी पडला, भागीदारांत भांडण झाले किंवा त्याने धंदाच गुंडाळला, तर आपण कंपनीला कितीही फोन केले तरी ती आपल्याला एक फाईलही देणार नाही, आणि तसे वागणे तिच्या बाजूने बरोबरच आहे. याहून नेहमीचा प्रसंग असा, की वार्षिक देखभालीच्या रकमेवरून वाद होतो आणि एका सोमवारी सकाळी लॉगिन चालत नाही. रांगेत रुग्ण उभे आहेत, आणि एकवीस वर्षांचे रिपोर्ट वाटाघाटीत ओलीस आहेत.

मी स्वतः याहूनही साध्या गोष्टीत फसलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या संगणकांची देखरेख माझ्याकडे होती. त्यांचे क्लाउडवरचे खाते तेथल्या एका हुशार तरुण कर्मचाऱ्याने उघडले होते. ईमेल त्याचा, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, पैसे मात्र हिशेबनिसाच्या कार्डावरून जात. तो नोकरीसाठी आखातात गेला, त्याचा इकडचा नंबर बंद झाला, आणि सगळे सुरळीत चालू असल्याने कोणाच्याच काही लक्षात आले नाही. पुढे कार्डाची मुदत संपली. थकबाकीच्या सूचना त्या मुलाच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, आणि एके दिवशी सर्व्हर थांबला. खाते आपलेच आहे हे सिद्ध करायला आम्हाला अकरा दिवस लागले. त्या मुलाची चूक नव्हती. खाते कोणाच्या नावावर आहे हे दोन वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.

म्हणून खाते लॅबच्या नावावर, लॅबच्या ईमेलवर आणि लॅबच्याच कार्डावर उघडा. त्याचे मुख्य लॉगिन आपल्याकडे ठेवा, त्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी लावा, आणि आणीबाणीसाठी मिळणारे संकेतांक छापून बँकेच्या लॉकरमध्ये टाका. सॉफ्टवेअरवाल्यांना कामापुरते अधिकार असलेले वेगळे लॉगिन द्या, जे आपण एका मिनिटात बंद करू शकाल. मुख्य लॉगिन परक्या हाती गेले तर काय होते, ते कोड स्पेसेस या कंपनीच्या बाबतीत जून २०१४ मध्ये दिसले: हल्लेखोराने त्यांच्या ॲमेझॉन-खात्यात शिरून खंडणी मागितली, कंपनी ताबा परत घेऊ लागल्यावर त्याने माहिती आणि बॅकअप दोन्ही पुसले, आणि कंपनीला काम कायमचे बंद करावे लागले. बॅकअप त्याच खात्यात होते.

विक्रेते कदाचित म्हणतील की त्यांचे सॉफ्टवेअर सर्व लॅबसाठी एकत्रच चालते, वेगळे खाते देता येत नाही. ही पद्धतही गैर नाही, अनेक चांगली सॉफ्टवेअरे तशीच चालतात. पण मग जगप्रसिद्ध कंपनीचे नाव त्यांनी पुढे करू नये, कारण आपण विश्वास ठेवत आहात तो त्यांच्या चार-सहा जणांच्या कार्यालयावर. प्रत्येक लॅबचा डेटाबेस वेगळा आहे की सगळ्यांचे रिपोर्ट एकाच ठिकाणी फक्त क्रमांकाने वेगळे ओळखले जातात, त्यांच्याकडचे किती लोक आपले रिपोर्ट उघडू शकतात, उघडल्याची नोंद राहते का, नोकरी सोडून गेलेल्याचे लॉगिन कोण आणि कधी बंद करते, हे त्यांना समोर बसवून विचारा. उत्तरे तयार नसली तरी चालेल. पण प्रश्नांचा राग येणार असेल, तर मी दुसरा विक्रेता शोधीन.

एक परीक्षा आपण स्वतः घेऊ शकता, तिला संगणकाचे ज्ञान लागत नाही. हल्ली रुग्णाच्या मोबाइलवर रिपोर्टचा दुवा जातो. स्वतःच्या आणि घरातल्या कोणाच्या तरी नावाने लागोपाठ दोन चाचणी-नोंदी करा आणि दोन्ही दुवे शेजारी ठेवून पाहा. दुव्याच्या शेवटी साधा क्रमांक असेल आणि पहिल्यातला एक आकडा बदलताच दुसरा रिपोर्ट उघडत असेल, तर आपल्या सगळ्या रुग्णांचे रिपोर्ट चौकात मांडल्यासारखे आहेत, मग सर्व्हर मुंबईत असो की मंगळावर. दुवा लांबलचक आणि अंदाज न बांधता येणारा हवा, काही दिवसांनी बंद होणारा हवा, आणि उघडताना रुग्णाच्या मोबाइलवर ओटीपी यायला हवा. एचआयव्हीचा रिपोर्ट तर दुव्याने पाठवूच नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन अपेक्षित आहे, आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था करण्याचे बंधन आहे. हे रिपोर्ट सॉफ्टवेअरमध्ये नावाऐवजी संकेतांकाने ठेवता येतात का आणि ते फक्त आपल्याच लॉगिनने उघडतील असे करता येते का, ते विचारा.

लॅबच्या आतलेही थोडे बोलायला हवे. चार टेक्निशियन आणि काउंटरवरच्या ताई एकाच लॉगिनने काम करतात, पासवर्ड लॅबचे नाव आणि १२३ असा असतो, आणि दुरून संगणक हाताळून दुरुस्ती करण्यासाठी बसवलेले एनीडेस्क हे सॉफ्टवेअर चोवीस तास उघडे असते, असे आपल्याकडे नसेल तर मला आनंद होईल. असेल, तर क्लाउडवर जाण्यापूर्वी ते थांबवा. मागच्या खोलीतल्या संगणकावर ही ढिलाई एक वेळ खपून जाते. क्लाउडवर तोच पासवर्ड जगातल्या कोणत्याही गावातून वापरून पाहता येतो.

विक्रेते आपल्याला सांगतील की सारी माहिती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवलेली, असते. बहुधा ते खरेच असेल, पण एन्क्रिप्शन कोणापासून वाचवते हे समजून घ्या. साठवणीतल्या डिस्कवरचे एन्क्रिप्शन डिस्क पळवणाऱ्यापासून वाचवते, आणि मोठ्या कंपनीच्या केंद्रातून डिस्क पळवायला कोणी जात नाही. जो योग्य पासवर्ड टाकून आत येतो, त्याच्यासाठी यंत्रणा रिपोर्ट निमूटपणे उलगडून देते. उलगडण्याची किल्ली आपल्या खात्यात, आपल्या ताब्यात असेल, तर विक्रेत्याशी बिनसल्यावर ती काढून घेता येते. एवढ्यासाठी तरी ती मागून घ्यावी.

आता कायद्याबद्दल, कारण ‘जबाबदारी कंपनीची’ हा गैरसमज येथेच संपतो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; मुख्य बंधने लागू होण्यासाठी नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. या कायद्याच्या भाषेत आपण ‘डेटा फिड्युशियरी’ आहात, म्हणजे रुग्णाने माहिती विश्वासाने सोपवली ती आपल्याकडे. विक्रेता आणि क्लाउड कंपनी हे आपले ‘डेटा प्रोसेसर’. प्रोसेसरने केलेल्या कामाची जबाबदारीही फिड्युशियरीवरच राहते, करारात काहीही उलट लिहिलेले असले तरी, आणि प्रोसेसर नेमायचा तो वैध करारानेच. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या आकड्याने घाबरून जाऊ नका. रक्कम ठरवताना चुकीचे गांभीर्य आणि नुकसान कमी करण्यासाठी आपण काय केले हे या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला पाहावे लागते. आपल्यासारख्या व्यावसायिकाला दंडापेक्षा जड जाईल ते दुसरे बंधन: माहिती फुटली तर ती ज्यांची आहे त्या प्रत्येकाला कळवायचे, आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते. विक्रेत्याने ‘उद्या बघतो’ म्हटले तर हे सहा तास त्याच्याच टेबलावर संपतील. म्हणून घटना लक्षात आल्यापासून दोन तासांत त्याने आपल्याला फोनवर आणि लेखी कळवावे, असे करारात घाला. त्याच करारात हेही हवे, की संबंध संपल्यावर सर्व रिपोर्ट पीडीएफ स्वरूपात आणि आकडे एक्सेलमध्ये उघडतील अशा फायलींत तीस दिवसांत परत मिळतील, आणि त्यानंतर त्याच्याकडच्या प्रती पुसल्याचे तो लिहून देईल. विक्रेत्याचा छापील मसुदा यांपैकी काहीच सांगणार नाही. ओळखीच्या वकिलांकडून दोन पाने लिहून घ्या.

आता बॅकअप. त्यातला ‘कंपनीकडे आपोआप असतो’ हा भाग मला सर्वांत धोक्याचा वाटतो. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे एक केंद्र आगीत जळून गेले. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते, त्यांचे दोन्ही गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, आणि कंपनीकडचे बॅकअपसुद्धा कुलूपबंद झाल्याने तिच्या बहुतेक ग्राहकांची माहिती परत मिळाली नाही. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरची खाजगी यंत्रणाच गूगलकडच्या एका चुकीच्या नोंदीमुळे पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपली खाती पाहता आली नाहीत, पण निधी सावरला, आणि त्याने दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेला बॅकअप त्यात कामी आला. आपणही तेच करा: एक प्रत क्लाउडवर, दुसरी वेगळ्या कंपनीकडच्या आपल्या खात्यात, आणि तिसरी महिन्यातून एकदा पासवर्डने बंद होणाऱ्या बाह्य हार्ड डिस्कवर, जी भरून झाली की संगणकापासून काढून लॉकरमध्ये जाईल. आणि करारावर सही करण्यापूर्वी एका रविवारी विक्रेत्यांना लॅबमध्ये बोलवा, बॅकअप एका कोऱ्या संगणकावर चढवायला सांगा आणि २०१९ मधला आपल्याला आठवणारा एखादा रिपोर्ट आपल्या डोळ्यांसमोर उघडून घ्या. बॅकअप आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो उघडून दाखवताना पुष्कळांना घाम फुटतो.

क्लाउडवर काय न्यायचे, याचाही निवाडा आत्ताच करा. कोविडच्या काळातल्या आधार कार्डांच्या प्रतींचे आता आपल्याला काहीही काम नाही. त्या पुसून टाका, आणि पेन ड्राइव्हवरच्या जुन्या प्रतींतूनही पुसा. जुन्या रिपोर्टांपैकी ज्यांची कायद्याने किंवा रुग्णाच्या उपचारासाठी गरज आहे तेवढेच पुढे न्या.

एवढे करून आपण क्लाउडवर जावे असेच माझे मत आहे. पेन ड्राइव्हच्या आजच्या व्यवस्थेपेक्षा ते रुग्णांच्या हिताचे ठरेल. मात्र विक्रेते ‘या महिन्यातच’ म्हणून घाई करतील, ती मानू नका. दोन महिने दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवा.

मागच्या खोलीतला तो संगणक नंतर बहुधा भंगारवाल्याकडे जाईल. जाऊ द्या, पण आतली हार्ड डिस्क टेक्निशियनकडून काढून घ्या. वर्षभर ती लॉकरमध्ये राहू द्या, आणि त्यानंतर ओळखीच्या सुताराला बोलवून, आपण स्वतः समोर उभे राहून, तिला ड्रिलने चार-पाच भोके पाडून घ्या.